दोन भाषांच्या अंगणात : दिल्लीतील पहिली-दुसरीच्या वर्गासाठी काही उपक्रम

(हीरक महोत्सवी वर्षात प्राथमिक विभागाच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या साठ वर्षांचा हिशेब अनेक रीतींनी मांडता येतो. इमारतीचे मजले मोजता येतात, शालान्त परीक्षेचे निकाल सांगता येतात, नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी देता येते. आपल्या स्मरणिकेत ते सारे येईलच, आणि यायलाही हवे. मला मात्र आज शाळेच्या उंबरठ्याजवळच्या खोलीविषयी, म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गाविषयी बोलायचे आहे. दिल्लीतील मराठी शाळेचे भवितव्य त्या खोलीत ठरते, असे माझे मत आहे. तेथे मराठी मुलाच्या तोंडी रुळली तर पुढची दहा वर्षे ती त्याच्याबरोबर चालते. तेथे ती केवळ फळ्यावरून वहीत उतरवण्याची लिपी होऊन राहिली, तर मूल उत्तीर्ण होते, पुढच्या वर्गात जाते, आणि शाळेचे फाटक ओलांडताच भाषा मागे ठेवून जाते.

दिल्लीत मराठीला मानसन्मानाची वाण नाही. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात, तालकटोरा येथे झाले. कायद्याचेही पाठबळ आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, असे सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हणते. हे सारे मोलाचे आहे. परंतु संमेलनाचा मंडप उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीतले मूल बाईंना सांगते, “बाई, माझी पुस्तक हरवली.” त्या वाक्याचे काय करायचे, हा प्रश्न कोणताही ठराव सोडवत नाही. तो वर्गातच सुटायचा असतो, आणि माझ्या मते तो उपक्रमांतून सुटतो.

‘उपक्रम’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. रंगीत कागद, चकचकीत तक्ते, थर्मोकोलचा डोंगर आणि त्यावर कापसाचा बर्फ यांना आपण उपक्रम म्हणू लागलो आहोत. त्यातले बरेचसे काम रात्री अकरा वाजता वडील करतात आणि सकाळी मूल ते दोन्ही हातांनी सांभाळत आणते. त्यातून वडिलांचे हस्तकौशल्य सुधारत असेल. लहान मुलांच्या उपक्रमाला मी तीन साध्या कसोट्या लावतो. पहिली : त्यात प्रत्येक मुलाला काही बोलावे किंवा बोललेले समजून काही करावे लागते का? दुसरी : भाषा समजली नाही तर काम अडते का? अडत नसेल, तर भाषा शिकण्याचे कारणच उरत नाही. तिसरी : तो उद्या पुन्हा, पैसे न घालता, करता येईल का? या तीन कसोट्यांना उतरणारा उपक्रम दिसायला साधा असतो. त्याचे छायाचित्र फारसे चांगले येत नाही.

या विचाराचा वारसा आपल्याला बाहेरून उसना आणावा लागत नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या समवेत बालशिक्षणाचे काम केले. म्हणजे ही मराठी बाई गुजराती मुलांमध्ये राहून बालशिक्षण शिकली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. या दोघींनी खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले यांतून मोजणी, रंग, आकार, लहान-मोठे हे सारे शिकवले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामाशी जोडलेला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी गुरांच्या मागे कुरणात जाणारी कुरणशाळाही काढली.

कोसबादची आठवण मी दिल्लीत का काढतो? वारली मुलाच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातली मराठी यांत अंतर होते. त्या अंतरावर उपाय म्हणून कोसबादने मुलाला त्याच्या अंगणातून उठवून आणले नाही. शाळा अंगणात गेली. आपल्या मुलाचे अंगण कोणते? ते हिंदीचे आहे. रिक्षावाला, भाजीवाली, शेजारची मैत्रीण, दूरदर्शनवरचे कार्टून, सारे हिंदीत बोलते. काही घरांत आई मराठी आणि वडील हिंदीभाषक आहेत, काही घरांत दोघेही मराठी असून मुलाशी मात्र हिंदीत बोलतात, आणि काही मुले तर मराठी अजिबात नसलेल्या घरांतून आपल्याकडे आली आहेत. या अंगणात जायचे, तर हिंदीला वर्गाबाहेर उभे करून चालणार नाही. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड असा अर्थ घेऊन फिरतो. वर्गात हिंदी शब्द निघाला म्हणून दंड करणारा शिक्षक त्या शब्दाचा एकच अर्थ मुलाला शिकवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, हजारो शब्द सामाईक, आणि तरीही काही ठरावीक जागी त्या एकमेकींपासून दूर सरतात. दिल्लीतील मूल नेमके त्याच जागी अडखळते. म्हणून आपल्या उपक्रमांनी त्याच जागा धराव्यात. जे सामाईक आहे ते मुलाला आयते मिळालेले धन आहे. त्यावर वेळ घालवू नये. पुढे मी सांगणार आहे ते सात-आठ उपक्रम याच तत्त्वावर बेतले आहेत.

पहिला उपक्रम हुकमांचा. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिलीच्या पहिल्या पंधरवड्यात तो रोज दहा मिनिटे खेळावा आणि त्यात वर, खाली, मागे, पुढे, आत, बाहेर, जवळ, लांब हे शब्द यावेत. ‘डबा खाली ठेवा’ म्हटले की दिल्लीतले मूल डबा उघडून पाहते, कारण हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामा. वर्ग हसतो, मूलही हसते, आणि तो शब्द कायमचा पक्का होतो. या खेळाचा मोठा गुण असा, की मुलाला पहिल्या दिवशी एक शब्दही बोलावा लागत नाही. समजणे आधी येते, बोलणे मागून येते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हुकूम देण्याची पाळी मुलांकडे द्यावी. ज्याला राज्य करायचे असेल, त्याला मराठी बोलावेच लागेल.

दुसरा उपक्रम कानाचा. हिंदी बोलणाऱ्या कानाला ‘ळ’ वेगळा ऐकू येत नाही. त्यामुळे तो तोंडातूनही येत नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात वेलीचे चित्र लावावे, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळाचे. बाई तोंडापुढे वही धरून म्हणतील, ‘वेल’ किंवा ‘वेळ’, आणि मुले त्या त्या कोपऱ्यात धावतील. मग मूल आणि मूळ, गाल आणि गाळ, माल आणि माळ, चाल आणि चाळ. कान तयार झाला की छोटा आरसा हाती द्यावा आणि जिभेचे टोक वर वळवून टाळूला लावून सोडायला सांगावे. लिहिण्याचा प्रश्न त्यानंतर. ‘केळे’ आणि ‘केले’ यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या वहीत लाल रेघ मारून काय साधणार?

असेच ‘च’ आणि ‘ज’चे. चमचा, चाक, चोर, चूल यांतला ‘च’ आणि चार, चहा, चित्र, चेंडू यांतला ‘च’ वेगळा उच्चारला जातो, पण अक्षर एकच. मराठी घरातले मूल हे आपोआप उचलते. ज्याला हिंदी ‘च’ एवढाच ठाऊक आहे, ते ‘चमचा’ हिंदीच्या वळणाने वाचते. एक पोतडी करावी. तीत चमचा, खेळण्यातले चाक, चेंडू, चार मणी, चहाची पुडी असे सारे टाकावे. मुलाने हात घालून वस्तू काढायची, नाव घ्यायचे आणि उच्चाराप्रमाणे दोनपैकी एका टोपलीत ती टाकायची. मतभेद झाला तर सगळ्या वर्गाने नाव पुन्हा म्हणून पाहायचे. या वयात नियम सांगू नये. टोपल्या पुरेशा आहेत.

तिसरा उपक्रम ‘माझी पुस्तक’साठी. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते; ते त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. जमिनीवर खडूने तीन मोठी रिंगणे काढावीत आणि त्यांना तो, ती, ते अशी नावे द्यावीत. मुलांनी वर्गातल्या आणि डब्यातल्या वस्तू आणून योग्य रिंगणात ठेवायच्या, आणि ठेवताना पूर्ण वाक्य म्हणायचे : हा माझा चमचा, ही माझी वही, हे माझे पुस्तक. किल्ली ‘ती’मध्ये, कुलूप ‘ते’मध्ये; वाटी ‘ती’मध्ये, ताट ‘ते’मध्ये. ‘ते’चे रिंगण मुलांना सर्वांत नवे वाटते, म्हणून ते सर्वांत मोठे काढावे. घर, झाड, पान, फूल, केळे हे सारे तेथे राहायला येतात. महिनाभरात हे रिंगण पुसले तरी चालते; मुले रिकाम्या जमिनीवरही ते दाखवू लागतात.

चौथा उपक्रम दोरीवरच्या दिनदर्शिकेचा. हिंदीतला ‘कल’ गेलेलाही असतो आणि येणाराही. मराठीत काल वेगळा आणि उद्या वेगळा. वर्गात कपडे वाळत घालण्याची दोरी बांधावी, तिला चिमटे लावावेत. रोज एका मुलाने पत्त्याएवढ्या कागदावर त्या दिवसाचे एक चित्र काढून टांगायचे आणि तीन वाक्ये सांगायची : काल काय झाले, आज काय आहे, उद्या काय होईल. ‘परवा’ मात्र दोन्ही बाजूंना आहे, हिंदीतल्या ‘परसों’सारखाच, तो शब्द मुले स्वतः शोधून काढतात आणि त्यांना त्याची मोठी गंमत वाटते.

याच दोरीवर आणखी एक गोष्ट साधते. महाराष्ट्रात तयार झालेल्या गोष्टी-गाण्यांत शाळा आणि पाऊस बरोबर सुरू होतात, कारण तेथे शाळा जूनमध्ये उघडते. दिल्लीत वर्ष एप्रिलमध्ये, ऊन तापत असताना सुरू होते, आणि जूनमध्ये मुले लूच्या भीतीने घरात असतात. इथल्या जानेवारीत समोरचे झाड दिसू नये इतके धुके असते. मुलाच्या डोळ्यांपुढचे ऋतू त्याच्या मराठीत यायला हवेत; नाहीतर मराठी ही दूर कुठेतरी पडणाऱ्या पावसाची भाषा होऊन बसते. धुके, दंव, हुडहुडी, झळा, धुळीचे वादळ, उकाडा या शब्दांची दिल्लीइतकी गरज दुसऱ्या कोणत्या मराठी शाळेला असेल?

पाचवा उपक्रम झाडाच्या दोन नावांचा. दिल्ली हे झाडांचे शहर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सेमल लाल फुलांनी भरतो. तो आपला काटेसावर. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अमलतास पिवळा होतो, तो बहावा. पावसाळा सरताना हरसिंगारचा सडा पडतो; तो प्राजक्त. ऑक्टोबरात संध्याकाळी रस्ताभर ज्याचा उग्र वास सुटतो, ती सप्तपर्णी म्हणजे आपली सातवीण. बरगद तो वड, शहतूत ती तुती, इमली ती चिंच. दर पंधरवड्याला आवारातले किंवा जवळच्या बागेतले एक झाड दत्तक घ्यावे. मुलांनी खाली पडलेले पान, फूल किंवा शेंग आणावी, खोडाला हात लावून खरखरीत की गुळगुळीत ते सांगावे, पानाची कागदाखाली ठेवून खडूने छाप घ्यावी आणि छापेखाली दोन्ही नावे लिहावीत. झाडावर दिसलेली गिलहरी म्हणजे खार, चील म्हणजे घार, मैना म्हणजे साळुंकी. हिंदी नाव मुलाकडून यावे, मराठी नाव आपण द्यावे. अशा देवघेवीत मूल रिकाम्या हाताने येत नाही, आणि ते त्याला जाणवते.

सहावा उपक्रम काड्यांचा. पहिली-दुसरीतल्या संख्यानामांचा प्रश्न तुम्हा सर्वांना छळतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचनही दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात मी शिरत नाही. अडचण मात्र खरी आहे : ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात आणि २७ मध्ये दोन आधी लिहावे लागतात, म्हणून मूल ७२ लिहून मोकळे होते. दिल्लीतल्या मुलाच्या कानावर तर सत्ताईस, सत्तावीस आणि ट्वेंटी सेव्हन अशा तीन हाका एकाच संख्येसाठी येतात. आइस्क्रीमच्या काड्या गोळा कराव्यात, दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधाव्यात. मुलाने संख्या ऐकून आधी काड्या मांडायच्या, डावीकडे जुड्या आणि उजवीकडे सुट्या, आणि मगच अंक लिहायचे. कानाने उलटे ऐकले तरी हात सुलटे मांडतो.

यातला सर्वांत सुंदर धडा ‘एकोण’चा. तीन जुड्या मांडा आणि म्हणा : यातून एक काडी काढायची आहे. जुडी सोडावी लागते. काडी काढली की दोन जुड्या आणि नऊ सुट्या उरतात. हे एकोणतीस; तिसाला एक उणा. नाव तिसाकडून मोजते, अंक विसाकडून. हिंदीतला ‘उनतीस’ही तेच सांगतो, हे मुलांना दाखवावे. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत मुले स्वतः जातात आणि ‘एकोणशंभर’ म्हणून थबकतात, कारण तेथे भाषेने ‘नव्याण्णव’ असे नाव ठेवले आहे. मुलाला नियम सापडला आहे, म्हणूनच त्याला अपवाद खुपतो. पाठांतराने हे घडत नाही.

सातवा उपक्रम अंगणातल्या खेळांचा. दिल्लीतली मुले पिट्ठू खेळतात, ती आपली लगोरी. स्टापू म्हणजे ठिकरी, गिट्टे म्हणजे सागरगोटे, लुका-छिपी म्हणजे लपंडाव. आणि पाठीमागे रुमाल टाकून पळण्याचा कोडा जमालशाही म्हणजे आपले ‘मामाचे पत्र हरवले’. प्रत्येक मुलाने आपल्याला येणारा एक खेळ वर्गाला मराठीत शिकवायचा. खेळायला भाषा थोडी लागते. खेळ शिकवायला मात्र आधी, मग, नंतर, नाहीतर, जर, तर, बाद, पाळी, राज्य असे सारे शब्द लागतात. नियम नीट सांगता आला नाही तर खेळ सुरूच होत नाही. महिन्यातून एकदा एखाद्या आजीला बोलवावे. आजी हिंदीभाषक असली तर अधिकच चांगले : ती हिंदीत सांगेल आणि नात वर्गाला मराठीत समजावील. सहा वर्षांच्या मुलीने दुभाषी व्हावे, याहून मोठा भाषेचा पाठ मला माहीत नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. चाळीस मुले आणि एक शिक्षक, हे सारे कसे जमायचे, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत. रोज एक गट शिक्षकापाशी बोलण्याच्या कामाला बसेल, उरलेले चार आधी शिकलेला उपक्रम आपापल्या कोपऱ्यात करतील. आठवड्यात प्रत्येक मूल एकदा तरी शिक्षकाच्या अगदी समोर येईल. चाळीस जणांना एकदम विचारलेल्या प्रश्नाला नेहमी तेच पाच हात वर होतात, हे आपण सारे जाणतो. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ या वयात खेळ हेच शिक्षणाचे मुख्य साधन मानले आहे. २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्यांचा ‘जादुई पिटारा’ही आला. पेटारा जरूर उघडावा. पण त्यातल्या बाहुलीशी मूल कोणत्या भाषेत बोलेल, हे पेटाऱ्याने ठरत नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी ठरते.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची. प्रत्येक शिक्षकाने एक वाक्यवही ठेवावी. तीत दर आठवड्याला प्रत्येक मुलाचे एक वाक्य, कोणी न विचारता त्याने स्वतःहून बोललेले, जसेच्या तसे, चुकांसह लिहावे. ‘माझी पुस्तक हरवली’ हे वाक्य तेथे तारखेसह नोंदवावे. त्या क्षणी मुलाला थांबवून दुरुस्त करू नये. “तुझे पुस्तक हरवले? चल, शोधू या,” असे उत्तर द्यावे, दुरुस्ती उत्तरातच आहे. दिवाळीनंतर आणि वर्षअखेर ही वही पालकांसमोर उघडावी. गुणपत्रिकेत जे दिसत नाही ते तेथे दिसेल : दोन शब्दांचे वाक्य सात शब्दांचे केव्हा झाले, आणि मूल मराठीत पहिल्यांदा केव्हा भांडले. मूल ज्या भाषेत भांडते, ती त्याची झाली असे खुशाल समजावे.

पालकहो, तुमच्याकडून फार अपेक्षा नाही. तक्ते करू नका. संध्याकाळी स्वयंपाकघरात डाळींचे डबे मुलापुढे ठेवा. अरहर ती तूर, चना तो हरभरा. मूग आणि मसूर दोन्हीकडे तेच. मुलाला वाटीभर मिसळलेल्या डाळी निवडायला द्या आणि तोपर्यंत त्याच्याशी मराठीत बोला. मराठी येत नसेल, तर मुलाला विचारा : याला शाळेत काय म्हणतात? ज्या घरात आईवडील मुलाकडून शब्द शिकतात, त्या घरात त्या भाषेचा मान आपोआप वाढतो.

शेवटचा उपक्रम सांगून थांबतो. हिंदीत ‘हम’ म्हटले की त्यात समोरचा धरला आहे की वगळला आहे, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ ओढावी आणि दोन गट समोरासमोर उभे करावेत. एका गटाने म्हणायचे, ‘आम्ही बागेत जातो’, आणि एकट्यानेच पुढे जायचे. दुसरा गट जागेवर. मग म्हणायचे, ‘आपण बागेत जाऊ या’, आणि रेघ ओलांडून समोरच्या गटाचे हात धरून सगळ्यांनी निघायचे. ज्या शब्दाने हात धरला जातो तो ‘आपण’, हे एकदा अंगात भिनले की मूल तो पुन्हा विसरत नाही.

या शाळेने साठ वर्षे दिल्लीत ‘आम्ही’ टिकवला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, नोकरीनिमित्त आलेल्या माणसांनी आपली मुले मराठीत वाढावीत म्हणून जे कष्ट घेतले, त्यांना माझा नमस्कार. यापुढे पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांत मराठी घरातली किती आणि बाहेरची किती, हे आपल्या हाती नाही. ती आत आल्यावर रेघेच्या कोणत्या बाजूला उभी राहतील, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. त्यांना ‘आपण’ म्हणा. पुढची साठ वर्षे तीच ही शाळा चालवतील.